लीगल गांजाच्या दुकानाचा सिक्युरिटी प्लॅन : कॅमेरे झाले, पुढे काय?

वाकडी_वाट

राम राम मंडळी. विषय बघून दचकू नका. मी सॅक्रामेंटोजवळ राहतो, धंदा सीसीटीव्ही, अलार्म आणि दारांच्या अ‍ॅक्सेस सिस्टिमचा. आजवर गोदामं, दवाखाने, देवळं असली कामं केली (हो, हुंडीवरचा कॅमेरा पण मीच लावलाय). आता एका ओळखीच्या पार्टीला गांजाच्या रिटेल दुकानाची परवानगी मिळायच्या बेतात आहे आणि सिक्युरिटी प्लॅन लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. कॅलिफोर्नियात २०१६ च्या प्रॉप ६४ या सार्वमतानंतर हे कायदेशीर झालं, १ जानेवारी २०१८ पासून २१ वर्षांवरच्यांना दुकानात विक्री चालू आहे, तेव्हा हे चांगलं की वाईट यावर भांडायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा, मी तिथं पण येऊन भांडेन.

राज्याच्या कॅनाबिस खात्याचे नियम साधारण असे: कॅमेरा किमान १२८०×७२०, सेकंदाला १५ फ्रेम, चोवीस तास सलग रेकॉर्डिंग (हालचाल झाली की चालू होणारं चालत नाही), ९० दिवस साठवायचं. माल जिथं ठेवतात, तोलतात, गाडीत भरतात ते सगळं दिसलं पाहिजे, आत-बाहेर जायची दारं दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजेत, गल्ल्यावर घेणारा आणि देणारा दोघांचे चेहरे ओळखू आले पाहिजेत. रेकॉर्डर ठेवलेल्या खोलीवर पण कॅमेरा. घड्याळ अमेरिकेच्या अधिकृत वेळेशी जुळलेलं. रेकॉर्डिंग बंद पडलं तर मालकाला आपोआप निरोप गेला पाहिजे. कमर्शियल कुलपं, लायसनवाल्या कंपनीचा अलार्म, कर्मचाऱ्यांच्या गळ्यात फोटोचा बिल्ला, आणि दुकान उघडं असेल तेवढा वेळ लायसन असलेला गार्ड.

हे सगळं जमतं. मापात ३२ कॅमेरे धरले, दीड एमबीपीएसने एका कॅमेऱ्याचे दिवसाला १६ जीबी, ९० दिवसांचे जवळपास दीड टीबी, ३२ चे ४७ टीबी. त्यात चेहरा नीट यावा म्हणून रिझोल्युशन वाढवून ४ एमबीपीएसवर गेलं की आकडा सव्वाशे टीबीच्या जवळ जातो आणि मालकाचा चेहरा पडतो.

आता माझी अडचण. हे नियम दोनतीनदा नीट वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात चोर नाहीच मुळी, किंवा असला तरी शेवटच्या बाकावर बसलाय. त्याला भीती आहे ती लायसनवालाच माल मागच्या दारानं काळ्या बाजारात काढेल याची, आणि पोरांच्या हातात पडेल याची. म्हणून सगळे डोळे आतल्या माणसावर. गार्ड दुकान उघडं असताना हवा म्हणे, आणि दुकान रात्री १० ला बंद करायचंच असतं, मग पहाटे ३ ला जो चोरीची गाडी काचेत घालणार त्याच्यासाठी काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये ओकलंडमध्ये गांजाची दुकानं, गोदामं, ग्रो (लागवडीच्या जागा) असे पुष्कळ धंदे ओळीने फोडले. त्यातल्या कुणाकडे कॅमेरे नसतील असं मला तरी वाटत नाही.

पार्टी म्हणते लायसनला लागतं तेवढं लिही आणि मोकळा हो. मला ते पटत नाहीये. या धंद्यात प्रत्यक्ष असलेलं कुणी इथं आहे का? कॅश, भिंती, दुकान उघडणं-बंद करणं, काहीही चालेल. फक्त कुणी आपल्या दुकानाचा नकाशा इथं डकवू नका, गूगलला मराठी येतं.

भडंग_स्पेशल

आमच्या सांगलीत याला धंदा नाही, केस म्हणतात 😀 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वाकडी_वाट

@भडंग_स्पेशल तुमच्यासारखा एक येणार हे माहीत होतं, बसा.

सायलीची_आई

धागा काढल्याबद्दल आभार. मी ब्रॅम्प्टनजवळ एका कॅनाबिस स्टोअरमध्ये मॅनेजर आहे (सासूबाईंना "फार्मसीसारखं दुकान" असं सांगितलंय, कृपया कुणी ओळखू नये). आमच्याकडे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर कायदेशीर, ओंटारियोत खासगी दुकानं १ एप्रिल २०१९ ला उघडली. आमचा आणि तुमचा मोठा फरक म्हणजे आमच्याकडे बँका आणि कार्डं सरळ चालतात. गल्ल्यात कॅश फारशी नसतेच. तरी दुकानं लुटली जातात, कारण माल आहे ना! वेप (ओढायची बॅटरीवाली नळी) आणि प्री-रोल (तयार वळलेली गांजाची सिगारेट), खिशात मावतं आणि रस्त्यावर लगेच विकलं जातं.

दादा, तुमचं ते नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या चोराचं वाक्य वाचून मी हसले, कारण आमच्याकडे त्याचं सगळ्यात भारी उदाहरण आहे. काचा. केंद्राच्या कायद्यात आहे की माल, त्याचं पाकीट लहान मुलांच्या नजरेला पडता कामा नये. मग सगळ्यांनी काय केलं, समोरच्या काचांना वरपासून खालपर्यंत दुधी फिल्म. मुलांना दिसत नाही हे खरं, पण रस्त्यावरच्या कुणालाच काही दिसत नाही. आत कुणी बंदूक धरून उभा असला तरी बाहेरचा माणूस कॉफी पीत निघून जातो. लुटणाऱ्याला अजून काय पाहिजे? शेवटी ब्रिटिश कोलंबियाने २०२२ मध्ये कामगारांच्या सुरक्षेसाठी अपारदर्शक भिंती-काचांची अट काढली. आमच्याकडे मी मालकाच्या मागे लागून फिल्म अर्धी काढून घेतली, माल आत वळवून लावला, आता रस्त्यावरून काउंटरवरची माणसं दिसतात, पाकिटं दिसत नाहीत. कॅमेऱ्यापेक्षा मला त्या अर्ध्या काचेचा जास्त आधार वाटतो, खरंच सांगते.

आणि सकाळचं उघडणं. आमच्याकडे एकटीने उघडायचं नाही. एक जण आत जाते, दुसरी समोरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहते, आतलीने सगळं बघून ठरलेली खूण केली की मगच दुसरी येते. खूण काय ते सांगणार नाही. ती ठरावीक वेळात झाली नाही तर बाहेरचीने आत जायचं नाही, सरळ ९११. नवीन मुलींना हे नाटक वाटतं पहिल्या आठवड्यात.

तिजोरीवाला_जळगाव

मी लीगल-इल्लीगल काही जाणत नाही, आमचं घरचं सराफीचं दुकान. पण हे वाचून वाटलं अरे हे तर आपलंच. आमच्याकडे रात्री एकही डाग शोकेसमध्ये राहत नाही, सगळे ट्रे तिजोरीत, आणि वडील ट्रे काढल्यावर शोकेसची दारं मुद्दाम उघडी ठेवायचे आणि आतला दिवा चालू. शटरच्या फटीतून बघणाऱ्याला पण कळलं पाहिजे की आत मखमलीशिवाय काही नाही. दुसरं, तिजोरीची किल्ली आणि तिजोरीचा नंबर एका माणसाकडे कधीच नाही. तिसरं, पगाराच्या दिवशी नोकरांसमोर पैसे मोजायचे नाहीत. घरातली माणसं चोर नसतात हो, पण घरातली माणसं बाहेर बोलतात.

तुमच्या दुकानात माल रोज काढून ठेवणं जमण्यासारखं असतं का? की पोत्यात असतो?

वाकडी_वाट

@तिजोरीवाला_जळगाव काका, दंडवत. पोती वगैरे नसतात, कॅलिफोर्नियात रिटेलवाल्याला दुकानात पॅकिंग करायलाच बंदी आहे, सगळं सीलबंद डब्यात येतं, त्यामुळे ट्रे उचलून आत नेणं अगदी शक्य आहे. शोकेस उघडी आणि दिवा चालू हे प्लॅनमध्ये जसंच्या तसं घेतोय.

@सायलीची_आई ताई, काचेचा मुद्दा जबरदस्त.

दिवेलागण

मी डेन्व्हरला, ग्रोच्या बाजूला. एचव्हीएसी (एसी, हवा खेळवणं) इंजिनिअर आहे, त्यामुळे सिक्युरिटी माझं काम नव्हे, पण सिक्युरिटीवाल्यांनी आमच्या खोल्यांत घातलेला गोंधळ निस्तरायला मीच असतो म्हणून लिहितो. कोलोरॅडोत २०१२ ला मतदान झालं, १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली, म्हणजे आम्ही तुमच्या चार वर्षं आधी ठेचा खाल्ल्यात. (रेकॉर्डिंग आमच्याकडे ४० दिवस, वॉशिंग्टन राज्यात ४५. तुमचे ९० म्हणजे हार्डडिस्कवाल्यांची दिवाळी.)

कॅमेरेवाला येतो तेव्हा खोली रिकामी असते. तो छान कोपऱ्यात कॅमेरा लावतो, स्क्रीनवर सगळी जमीन दिसते, इन्स्पेक्टर खूश. दोन महिन्यांनी झाडं वाढतात आणि स्क्रीनवर फक्त पानं. खाली बसून कुणी फांद्या कापून पिशवीत भरल्या तरी दिसणार नाही. कॅमेरा वाफ्यांच्या मधल्या वाटेच्या रेषेत लावायचा, कोपऱ्यातून तिरका नाही. आणि झाडं पूर्ण वाढली की परत एकदा स्क्रीन बघायची, कुणी बघत नाही.

दुसरं, अंधार. फुलावर आलेल्या झाडांना १२ तास उजेड १२ तास मिट्ट काळोख लागतो. काळोखात पांढरा उजेड पडला की झाडाचं चक्र बिघडतं, मग बिया धरणं, फूल लांबणं वगैरे. आता नवीन गार्ड रात्री राउंड मारतो आणि इमानदारीत प्रत्येक खोली उघडून टॉर्च फिरवतो! हालचालीवर पेटणारा दिवा लावला तरी तीच बोंब. इन्फ्रारेड कॅमेरे लावा, आत जायचंच असेल तर हिरवा दिवा द्या, आणि हे गार्डच्या कागदावर लिहा, तोंडी सांगून उपयोग नाही कारण गार्ड दर दोन महिन्यांनी बदलतो. आणि दमट हवेत साधा कॅमेरा टिकत नाही, गंधकाची धुरी देणारे लोक असतील तर त्याच्या आतल्या पट्ट्या काळ्या पडतात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. चोराला झाड नको असतं. ओलं झाड जड, वास मारणारं, त्याला वाळवायला जागा पाहिजे. त्याला वाळलेलं पाहिजे. म्हणजे धोका वर्षभर सारखा नसतो, कापणी होऊन वाळवणीच्या खोलीत माल लटकला की पुढचे दहाबारा दिवस. ती तारीख कुणाला माहीत असते? आतल्यांना, आणि ट्रिमिंगला (फुलं छाटायला) आलेल्या रोजंदारीवाल्यांना. प्लॅनमध्ये पैसे खर्च करायचे तर वाळवणीच्या आणि साठ्याच्या खोलीवर करा, बाकी ग्रोला कुंपण पुरे.

कचरा पण. आमच्याकडे टाकाऊ माल तेवढ्याच दुसऱ्या कचऱ्यात निम्मा-निम्मा कालवून निकामी करून मगच टाकायचा असा नियम आहे. "टाकाऊ" म्हणून नोंदवलेली चांगली फुलं कचऱ्याच्या डब्यातून बाहेर जाणं ही सगळ्यात जुनी वाट. डब्यावर कॅमेरा आणि काट्यावर कॅमेरा. झाडाला आरएफआयडीचा टॅग असतो, पाकिटाला असतो, मेट्रकमध्ये (मालाची नोंद ठेवायची सरकारी सिस्टिम) सगळं चढवायचं असतं, पण वजन कमी चढवलं तर टॅग काय करणार बिचारा.

भडंग_स्पेशल

काय लिहिलंय राव. द्राक्षबागवाल्यांनी पण वाचावं असं आहे. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

ताळेबंद

कॅशबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. न्यू जर्सीत सीपीए आहे (आमच्याकडे रिटेल एप्रिल २०२२ पासून), तीन-चार क्लायंट या धंद्यातले.

मूळ दुखणं असं की राज्य हो म्हणतं आणि केंद्राच्या १९७० च्या कायद्यात गांजा पहिल्या यादीत, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या. बँकांना फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्थखात्याच्या फिनसेनने मार्गदर्शन दिलं की असे ग्राहक घेता येतील पण प्रत्येकावर संशयास्पद व्यवहाराचे अहवाल भरत राहायचे. मोठ्या बँका त्या भानगडीत पडत नाहीत, लहान बँका, क्रेडिट युनियन घेतात आणि महिन्याची दणदणीत फी लावतात. बँकांना संरक्षण देणारं बिल २०१९ मध्ये हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ३२१ विरुद्ध १०३ ने पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं, पुढे पण तेच. क्रेडिट कार्ड नाही. मधे एक जुगाड निघालं होतं, गल्ल्यावरचं मशीन एटीएम असल्याचं भासवायचं आणि रक्कम वर गोल करायची, त्यावर व्हिसाने डिसेंबर २०२१ मध्ये डोळे वटारले, २०२३ मध्ये मास्टरकार्डने डेबिटपण थांबवायला सांगितलं. म्हणजे फिरून फिरून कॅश.

आणि आता सिक्युरिटीवाल्यांना माहीत नसणारी गोष्ट. आयकराचं कलम २८०ई, १९८२ सालचं. पहिल्या-दुसऱ्या यादीतल्या पदार्थाचा धंदा असेल तर मालाची खरेदी किंमत सोडून कुठलाच खर्च वजा मिळत नाही. समजा १०० ची विक्री, ५५ चा माल, ३८ खर्च (भाडं, पगार, गार्ड, कॅमेरे सगळं). हातात राहिले ७. केंद्राचा २१ टक्के कर लागतो ४५ वर, म्हणजे ९.४५. कमावले सात, कर साडेनऊ! वाकडी_वाट, तुमची पार्टी "लायसनला लागतं तेवढंच लिही" म्हणते ते कंजूषपणाने नाही हो, गार्डवर खर्च केलेला प्रत्येक डॉलर त्याला इतर दुकानदारापेक्षा महाग पडतो. मे २०२४ मध्ये तिसऱ्या यादीत न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा माझे क्लायंट नाचले ते याचसाठी, तिसऱ्या यादीला हे कलम लागत नाही.

तेव्हा एकदाच करायचा खर्च (भिंत, तिजोरी, गाडी अडवणारे खांब) आणि दर महिन्याचा खर्च (गार्ड) असे दोन रकाने पाडून दाखवा मालकाला. तो भिंतीला हो म्हणेल.

कॅशबाबत माझा सल्ला: कॅश दुकानात किती रात्री मुक्काम करते तेवढाच धोका. स्मार्ट सेफ घ्या, नोटा घातल्या की मोजून आत जातात, उघडायचा अधिकार दुकानातल्या कुणाकडेच नाही, कॅश न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याकडे. आणि गाडी एकाच वारी एकाच वेळी बोलावू नका.

खडूस_पुणेकर

गाडीवाले पण सुरक्षित नाहीत म्हणे. २०२१ मध्ये कॅन्ससमध्ये आणि नंतर कॅलिफोर्नियाच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत कायदेशीर दुकानांची कॅश नेणाऱ्या व्हॅन कुणी अडवल्या? शेरीफच्या लोकांनी! रोकड जप्त. कंपनी कोर्टात गेली, कॅलिफोर्नियातले पैसे तडजोडीत परत मिळाले. म्हणजे दरोडेखोरासाठी प्लॅन आणि पोलिसांसाठी वेगळा प्लॅन. अमेरिका महान आहे.

ताळेबंद

@खडूस_पुणेकर बरोबर आहे. त्यामुळे कुठली व्हॅन कुठल्या काउंटीतून जाते हे करारात विचारायचं. हसू नका, विचारतात.

हिरवं_कार्ड

एक कळकळीची सूचना, विषयांतर वाटलं तरी वाचा. इथं बरेच जण एच१बी, ग्रीन कार्डवर आहेत. तुम्ही नागरिक नसाल तर या धंद्यात भागीदार, नोकर, काहीही होऊ नका, वकिलाला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट लिहून टाकलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाच्या धंद्यातला सहभाग नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतो. माझ्या माहितीत लोक आहेत ज्यांना मुलाखतीत हे विचारलं गेलं. कॅमेरे लावणारा कंत्राटदार कुठे बसतो यात, हा प्रश्न पण वकिलालाच.

वाकडी_वाट

@हिरवं_कार्ड मी नागरिक आहे, हाताखालच्या पोरांपैकी एक जण नाहीये, त्याला या साइटवर पाठवणार नाही. धन्यवाद, हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

उलटी_गंगा

आमच्या नेदरलंड्सच्या आइंडहोवनकडची गंमत ऐका. इथं कॉफीशॉपला (गांजा विकणाऱ्या दुकानाला) ५०० ग्रॅमच्या वर माल ठेवायची परवानगी नाही, गिऱ्हाइकाला दिवसाला ५ ग्रॅम. म्हणजे दुकानात चोरण्यासारखं जवळपास काही नसतंच! पण चालणाऱ्या दुकानाला तेवढं काही तासच पुरतं, मग दिवसभर कुणीतरी सायकलवर, पाठीवर पिशवी टाकून कुठल्यातरी घरातल्या साठ्यातून आणत राहतो. आणि दुकानात विकणं चालतं पण दुकानाला पुरवणं बेकायदेशीर, हे यांचं प्रसिद्ध मागचं दार. धोका दुकानातून उचलून त्या सायकलवाल्या पोराच्या पाठीवर ठेवलाय. आता दहा नगरपालिकांत प्रयोग चालू आहे (ब्रेडा आणि टिलबर्गला डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला) त्यात लायसनवाल्या ग्रोचा माल येतो आणि आठवड्याचा साठा ठेवता येतो. मग दुकानाची तिजोरी मोठी झाली आणि सायकल बंद.

माझा मुद्दा इतकाच की साठा कमी ठेवा असं म्हणणं सोपं आहे, पण मग फेऱ्या वाढतात.

दिवेलागण

+१. फेरी म्हणजे दार उघडणं. दार उघडणं म्हणजे धोका. आमच्याकडे ट्रक आत घेऊन शटर पाडल्याशिवाय ट्रकचं दार उघडत नाहीत.

भुईनळा

भारतात हे कधी येणार? हेम्पच्या (नशेऐवजी धाग्यासाठी लावलेल्या भांगेच्या) कंपन्या आहेत ना मुंबईत?

खडूस_पुणेकर

@भुईनळा १९८५ चा एनडीपीएस (अंमली पदार्थांचा कायदा) वाचा. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, दोन्ही बंद. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर, म्हणून वाराणसी-जैसलमेरला भांगेची सरकारमान्य दुकानं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगेला पण परवाना लागतो. उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक हेम्पला परवानगी दिली ती ०.३ टक्के टीएचसीच्या (नशा आणणारा घटक) आतल्या झाडाला, त्याला चोरून चोर करणार काय, दोरखंड? सिक्युरिटी प्लॅन वगैरे दूरची गोष्ट. आता मूळ विषयावर या.

वाकडी_वाट

बराच माल जमला. मी काय ठरवतोय ते लिहितो, चुका काढा.

भिंतींपासून सुरुवात. जागा स्ट्रिप मॉलमधली (ओळीने गाळे असलेली) आहे, एका बाजूला नेल सलून, दुसरा गाळा रिकामा. मधली भिंत म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी ड्रायवॉल (जिप्समचे पातळ बोर्ड). साध्या करवतीने माणूस पाच मिनिटांत आरपार. पुढच्या दाराला कितीही भारी कुलूप लावा, शहाणा चोर रिकाम्या गाळ्यातून येणार, आणि माझे सगळे सेन्सर दारांवर! म्हणून साठ्याच्या खोलीला चारी बाजूंनी आणि छताला ड्रायवॉलच्या मागे जाड स्टीलची जाळी, आणि भिंतीत कंपन ओळखणारे सेन्सर. छतावर एसीच्या युनिटची भोकं आहेत, त्यांना आतून गज. रेकॉर्डर साठ्याच्या खोलीत नाही ठेवत, वेगळ्या कोठडीत, आणि महत्त्वाच्या आठ कॅमेऱ्यांची प्रत बाहेर क्लाउडवर.

समोर खांब. गाडी घालून काच फोडणं ही आता सगळ्यात सोपी पद्धत झालीय. बाजारात नुसते काँक्रीट भरलेले सजावटीचे पाइप मिळतात, ते गाडीबरोबर आत येतात. एएसटीएम एफ-३०१६ म्हणून चाचणी आहे, ५००० पौंडांची गाडी ताशी १०, २० किंवा ३० मैलांनी आदळून बघतात. त्यातले घेणार.

रिसेप्शन वेगळं. बाहेरचं दार, छोटी खोली, ओळखपत्र तपासणारा काचेमागे, मग आतलं दार. दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत. इथं फायर मार्शलशी एक बैठक झाली आणि तो बरोबर होता: आग लागली तर लोकांना बाहेर पडता आलंच पाहिजे, मॅग्नेटिक कुलूप फायर अलार्मबरोबर सुटतं. सुटतं म्हणजे कुणीही भिंतीवरचा लाल हँडल ओढला की सगळी दारं सताड. म्हणून साठ्याच्या खोलीला मॅग्नेटिक नाही, यांत्रिक कुलूप, बाहेरून बंद आणि आतून एका दाबात उघडणारं.

गार्ड. इथं ताळेबंद म्हणतात तसे दोन रकाने केले. उघड्या वेळेचा गार्ड तर नियमानेच लागतो. त्याला ओळखपत्र तपासायला बसवायचं नाही हे मी अडून बसलोय, खाली मान घालून जन्मतारीख वाचणारा माणूस रस्त्याकडे बघूच शकत नाही. बंदूक असावी का यावर पार्टीत दोन तट आहेत.

सायलीची_आई

बंदुकीबद्दल माझं मत सांगू का, आमच्याकडे तर प्रश्नच येत नाही, पण तरी. जून २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या अरोरात एका दुकानाचा गार्ड मारला गेला, माजी मरीन होता. म्हणजे प्रशिक्षण कमी होतं असं नाही. मार्च २०२२ मध्ये टॅकोमाला काउंटरवरच्या कर्मचाऱ्याचा जीव गेला. आमच्या ट्रेनिंगमध्ये एकच सांगतात, द्या. जे मागतील ते द्या, डोळ्यात बघू नका, हुशारी करू नका, दार अडवू नका. माल विम्यातला आहे. वेळ लावून उघडणारी तिजोरी असेल तर दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावा की कर्मचाऱ्यांना उघडता येत नाही, ती पाटी मालासाठी नाही, मुलींसाठी आहे. नाहीतर तो तिच्याच डोक्याला लावून बसेल उघड म्हणून.

आणि दरोड्यानंतरचं पण लिहा प्लॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी दुकान कोण उघडणार? आमच्या शेजारच्या दुकानात एका आठवड्यात निम्मा स्टाफ सोडून गेला.

दिवेलागण

@वाकडी_वाट बंदूक ठेवायचीच तर दुकानाची नको, लायसनवाल्या गार्ड कंपनीची. केंद्राच्या नजरेत गांजा आणि बंदूक एका छताखाली म्हणजे वेगळाच गुन्हा होऊ शकतो, मालकाच्या वकिलाला हे विचारायलाच पाहिजे. इथं काही जण बंदूक न देता बुलेटप्रूफ बनियन आणि रेडिओ देतात. मला ते बरं वाटतं.

वाकडी_वाट

@सायलीची_आई ताई, पाटीचं बरोबर आहे आणि दरोड्यानंतरचं पान मी आज लिहितो. नियमात २४ तासांत खात्याला आणि पोलिसांना कळवायचं एवढंच आहे, माणसांबद्दल एक ओळ नाही.

बंदूक नको असं मी लिहून देतोय. मालकाला पटलं नाही तर त्याने वकिलाचं लेखी आणावं.

तिजोरीवाला_जळगाव

चोराला किती वेळ लागेल हे मोजलं का? आमच्याकडे कंपनीवाला तिजोरीबरोबर मिनिटं सांगतो.

वाकडी_वाट

@तिजोरीवाला_जळगाव काका, तेच तर सगळं गणित आहे. पुढची काच: काही सेकंद. जाळीची भिंत: आवाज करणारी मशीन आणली तर दहाबारा मिनिटं धरतो. आतली तिजोरी त्याच्यावर. अलार्म वाजल्यापासून पोलीस यायला किती हे मात्र माझ्या हातात नाही. सिएटलमध्ये तर ऑक्टोबर २०२४ पासून नुसता अलार्म वाजला म्हणून पोलीस येत नाहीत, व्हिडिओ, आवाज किंवा साक्षीदार काहीतरी पुरावा लागतो. इथं अजून तसं नाही, पण लाइव्ह व्हिडिओ बघून फोन करणारी मॉनिटरिंग सेवा घेतोय. त्यामुळे पहिला अलार्म भिंतीला हात लागल्यावर वाजला पाहिजे, साठ्याचं दार तुटल्यावर नाही. सायरन वाजल्यावर त्याला काम चालू करायला लागलं पाहिजे.

उलटी_गंगा

धुकं सोडणारी मशीन बघा, इकडे ज्वेलर्स लावतात. काही सेकंदांत खोली पांढरी. समोरचा हात दिसत नाही.

वाकडी_वाट

@उलटी_गंगा बघितली. फायर मार्शलला विचारलंय, स्मोक डिटेक्टर वाजून स्प्रिंकलरपर्यंत जाऊ नये एवढी अट. मेल आली की टाकतो इथं.

भडंग_स्पेशल

खांब रोवायला घरमालकाची परवानगी लागते का हो? आमच्या गाळ्यापुढं नगरपालिका एक कुंडी ठेवू देत नाही.

वाकडी_वाट

@भडंग_स्पेशल आलात अखेर मुद्द्यावर 😀 लागते. पार्किंग घरमालकाचं म्हणून त्याची सही, फुटपाथ शहराचा म्हणून त्यांचं वेगळं परमिट, आणि खणायच्या आधी ८११ ला फोन करून गॅस-पाण्याच्या लाइनींच्या खुणा मारून घ्यायच्या. घरमालक तयार आहे. अडलंय ते नेल सलूनपाशी, जाळी लावायला तिच्या बाजूचं ड्रायवॉल उघडायला लागणार आणि ती म्हणते शनिवार-रविवार सोडून या. मंगळवारी जातोय.